नाही म्हणतंय कोण?

"काका, पासवर्ड बरोबर आहे. मी दहा वेळा टाकला."

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी पाचवीतली मुलगी. रविवारी सकाळी मला बोलावणं आलं तेव्हा घरात खटला जवळपास निकाली निघाला होता. आईचं म्हणणं, हिनेच पासवर्ड बदलला आणि आता विसरली. बाबांचं म्हणणं, व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून टाकू. आजोबा पेपर वाचत बसले होते आणि या प्रकरणाशी आपला काडीचा संबंध नाही असा त्यांचा चेहरा होता.

मी तिलाच खुर्चीत बसवलं. म्हटलं, परत टाक, पण सावकाश. आणि चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र आहे ना, ते दाबून धर. तिच्या पासवर्डची सुरुवात 'कैरी' या शब्दाने होत होती, अर्थात इंग्रजी अक्षरांत. डोळा दाबल्यावर ठिपक्यांच्या जागी जे उमटलं ते होतं 'कोगीग'.

पेपर खाली आला. "अरे, ते माझं मराठी तसंच राहिलं वाटतं," आजोबा म्हणाले.

आजोबा दैनिकांना पत्रं लिहितात, आणि नोकरीत असताना शिकलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर लिहितात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय भाषांसाठी जी कळमांडणी प्रमाण ठरवली, ती ही. तिच्यात डाव्या हाताखाली स्वर आणि उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. 'के'च्या कळीवर क, 'ए'च्या कळीवर ओकाराची मात्रा, 'आय'वर ग, 'आर'वर दीर्घ वेलांटी. मुलगी कैरी टाइप करत होती आणि संगणक कोगीग वाचत होता. पहिलं अक्षर दोन्हीकडे क यावं हा निव्वळ योगायोग. ठिपक्यांआड यातलं काहीच दिसत नाही. साइन-इनच्या पडद्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची एवढीशी खूण असते. तिच्यावर टिचकी मारली, किंवा विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला, की कीबोर्ड इंग्रजीत येतो. आला. मुलगी आत गेली. आईला काही बोलली नाही, पण बघितलं मात्र.

हा किस्सा सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा आहे' एवढं एक वाक्य येतं आणि घर ते 'पोर चुकलं' असं वाचतं. संगणकाला पोर दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचलेली अक्षरं त्याच्याकडच्या नोंदीशी जुळली नाहीत, एवढंच तो सांगतो. ती का जुळली नाहीत हे शोधायचं तर आधी एक प्रश्न विचारायचा: नाही म्हणतंय कोण? घरातला संगणक, खातं जिच्याकडे आहे ती कंपनी, की आपण स्वतःच? हे तिघे वेगवेगळ्या कारणांनी नाही म्हणतात, आणि एकाच्या नकारावर दुसऱ्याकडे दाद मागून उपयोग होत नाही.

खरं तर पासवर्ड जन्माला आला तोच एका यंत्रावर अनेकांना बसायचं होतं म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, प्रत्येकाच्या वाट्याची वेळ ठरलेली. मग समोर बसलेला माणूस कोण हे यंत्राला कळायला हवं. त्यासाठी पासवर्ड. आणि लगेच पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली. कशासाठी? त्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरत नव्हते. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने हे स्वतःच कबूल केलं. संगणकाच्या इतिहासातली ही पहिली ज्ञात पासवर्डचोरी 'अजून थोडा वेळ हवाय' या कारणासाठी झाली, हे दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता घरातल्या यंत्राकडे येऊ. मी इथे विंडोजचंच बोलतो, कारण आपल्याकडे घराघरांत तेच आहे. २०२०च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा घाईघाईने घेतलेले लॅपटॉप आणि कुणाच्या तरी ऑफिसातून उतरवलेले डेस्कटॉप अजून चालू आहेत, आणि त्यांच्यावर मुलांची खातीही त्याच घाईत उघडलेली आहेत.

सगळ्यात जास्त घोळ पिन आणि पासवर्ड यांचा. चौकट दिसायला सारखीच, म्हणून मुलं एकाच्या जागी दुसरं टाकतात. मोठी माणसंही टाकतात. पासवर्ड हा खात्याचा असतो, आणि खातं कंपनीकडचं असेल तर तो कुठल्याही संगणकावर चालतो. पिन त्या एका यंत्रापुरता असतो. आईच्या लॅपटॉपवर ठरवलेला पिन दिवाणखान्यातल्या डेस्कटॉपला ठाऊक नसतो, कारण तो कंपनीकडे जातच नाही. त्याच्यामागची गुप्त किल्ली त्याच यंत्रात राहते, बहुतेक नव्या संगणकांत त्यासाठी वेगळी चिप असते. घराच्या कुलपाची किल्ली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली असा हा फरक. तेव्हा चौकटीत फिकट अक्षरांत काय लिहिलंय, 'पिन' की 'पासवर्ड', ते मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. खाली 'साइन-इनचे पर्याय' असं असतं, तिथून एकावरून दुसऱ्यावर जाता येतं.

पिन पुन्हा पुन्हा चुकला तर संगणक मध्येच एक विचित्र मागणी करतो: ए, एक, बी, दोन, सी, तीन अशी सहा अक्षरं टाइप करून दाखवा. मुलं घाबरतात, काहींना वाटतं हा हॅकरचा निरोप आहे. घाबरायचं काही नाही. कळ अडकली आहे का, कीबोर्डवर मांजर बसलंय का, की खरोखर माणूस अक्षरं दाबतोय, याची ती खातरजमा. आपल्याला त्यात फुकटची एक चाचणी मिळते. ती अक्षरं नीट उमटली तर कीबोर्ड ठीक आहे. अक्षरं उमटली आणि आकडे नाही, तर बाजूच्या आकड्यांच्या पाटीवरचा नम लॉक बंद आहे. त्यानंतरही चुकतच राहिलात तर पिन चालत नाही, संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. तिथून पुढे अंदाजपंचे दाबत बसू नये.

दुसरं कारण कुणाच्या मनातही येत नाही, आणि आपल्या घरांत ते हमखास असतं. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपली सवय चांगलीच आहे, पण मग रात्रभर डेस्कटॉपच्या आतलं घड्याळ एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं. सीआर २०३२, तीन व्होल्ट. काही वर्षांनी तो संपतो, आणि सकाळी संगणक उठतो तो कित्येक वर्षं मागच्या तारखेला. कंपनीच्या सर्व्हरशी बोलताना तो समोरच्याचं ओळखपत्र तपासतो. त्या ओळखपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य' असं असतं. संगणकाच्या हिशेबी ती तारीख अजून उगवायचीच आहे. मग तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही, साइन-इन अडतं, आणि आपण पासवर्ड बदलत बसतो. पडद्यावरच्या घड्याळाकडे एक नजर टाकली असती तर अर्धा दिवस वाचला असता. सेल घड्याळजीकडेही मिळतो.

इंटरनेट नसतानाही असाच चकवा होतो. समजा आईने ऑफिसात बसल्या बसल्या मोबाइलवरून मुलाच्या खात्याचा पासवर्ड बदलला. घरचा संगणक तेव्हा नेटला जोडलेला नव्हता. त्याला बिचाऱ्याला नवा पासवर्ड कळलेलाच नाही. शेवटचा जो चालला होता तोच तो ओळखतो. मूल नवा टाकतंय, संगणक जुना मागतोय, आणि फोनवर आई शपथेवर सांगतेय की मी आत्ता बदलला. साइन-इनच्या पडद्यावरच कोपऱ्यात वाय-फायची खूण असते. आत न शिरताही तिथून नेट जोडता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मुलाचं खातं कंपनीकडचं नसून फक्त त्या संगणकापुरतं, म्हणजे 'लोकल' असेल तर गोष्ट सोपी. पालकाच्या प्रशासक खात्यातून आत जाऊन त्याचा पासवर्ड नवा करता येतो. त्यात ब्राउझरमध्ये साठवलेले त्याचे पासवर्ड गमावण्याची शक्यता असते, एवढं त्याला आधी सांगावं. न सांगता केलंत तर गेममधल्या सहा महिन्यांच्या कमाईसाठी तुम्हाला जबाबदार धरलं जाईल.

आणि एक प्रकार असा, की साइन-इन होतं पण घर ओळखीचं वाटत नाही. पडदा कोरा, फोटो नाहीत, प्रकल्पाची फाइल नाही, आणि कोपऱ्यात सूचना, की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात. लाइट गेली, संगणक धाडकन बंद झाला, त्या क्षणी मुलाच्या खात्याच्या नोंदींची फाइल अर्धवट लिहिली गेली, की असं होऊ शकतं. मूल रडकुंडीला येतं. फायली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. विंडोजने त्यांच्याकडे न नेता पाहुण्यांच्या खोलीत उतरवलेलं असतं, इतकंच. यात एकच गोष्ट करायची नाही: त्या कोऱ्या पडद्यावर नव्याने अभ्यास सुरू करायचा नाही. साइन आउट झालं की तिथलं सगळं पुसलं जातं. संगणक दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघा, पुष्कळदा गाडी रुळावर येते. नाहीच आली तर पालकाच्या खात्यातून सी ड्राइव्हमधल्या 'यूझर्स' फोल्डरमध्ये मुलाचं फोल्डर शोधा. कंपनीच्या खात्याने सुरुवात केली असेल तर त्याचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं असतं, म्हणून ते चटकन ओळखू येत नाही. तिथल्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मगच दुरुस्तीवाल्याला हाक मारा. फॉरमॅटची भाषा त्यानंतर.

कंपनीचा नकार वेगळा असतो. तिला तुमचा कीबोर्ड दिसत नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न दोनच, हे मूल किती वर्षांचं आहे आणि त्याच्या वतीने बोलणारा मोठा माणूस कोण. बहुतेक ठिकाणी दिसणारी तेरा वर्षांची रेघ अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यातून आली आहे. तेराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची संमती हवी, असं तो सांगतो. आपल्याकडचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मूलच मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो.

आता आपण काय करतो? खातं उघडताना संमतीची कटकट नको म्हणून नऊ वर्षांच्या पोराचा जन्म १९९०चा दाखवतो. काम झालं. दोन वर्षांनी पासवर्ड विसरला जातो, खातं परत मिळवायच्या अर्जात कंपनी जन्मतारीख विचारते, आणि तेव्हा आपण कोणती थाप मारली होती ते घरात कुणालाच आठवत नाही. शिवाय कंपनीच्या लेखी ते मूल तिशीपार गेलेलं, म्हणजे पालकांनी मुलांच्या खात्यांवर लक्ष ठेवायला केलेल्या कौटुंबिक गटाचे नियम त्याला बांधून ठेवू शकत नाहीत. त्याला वाटलं तर ते आपणहून गटातून बाहेर पडू शकतं. खरी तारीख लिहिण्यात एक संमतीचा कंटाळा आहे, खोटीत पुढचे सगळे. माझं मत विचाराल तर मुलाच्या खात्यातली ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक.

ओटीपीचंही तसंच. मुलाच्या खात्याला जोडलेला नंबर बाबांचा, बाबा मीटिंगमध्ये, ओटीपी येऊन मुदत संपून गेला. किंवा नंबर आजीच्या जुन्या सिमचा, जे रिचार्ज न केल्याने बंद पडलं. अशा वेळी माणसं घायकुतीला येऊन गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतात, आणि सापडलेल्या नंबरवरचा गोड बोलणारा गृहस्थ सांगतो, एक ॲप टाका, मी इथूनच दुरुस्त करून देतो. फोन ठेवून द्या. खऱ्या कंपनीचा माणूस ओटीपी विचारत नाही. ॲप टाकलंच असेल आणि पैसे गेले असतील तर क्षण न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

राहिला तिसरा नकार. तो आपला स्वतःचा, आणि तोच सगळ्यात उशिरा ओळखू येतो.

हे मी माझ्या घरच्या फजितीवरून सांगतो. मुलाच्या सहामाहीच्या आधी मी कौटुंबिक सुरक्षेच्या ॲपमध्ये त्याच्या खात्याला वेळ लावून दिली होती: संध्याकाळी सात ते आठ, बस्स. परीक्षा संपली, दिवाळीची सुट्टी लागली, मी विसरलो. सकाळी दहा वाजता तो म्हणाला, बाबा, संगणक आत घेत नाही. मी कीबोर्ड तपासला, नेट तपासलं, घड्याळ तपासलं, इतरांना सांगतो ते सगळं केलं. तासाभराने पडद्यावर काय लिहिलंय ते एकदाचं शांतपणे वाचलं. पासवर्ड चुकल्याचं त्यात कुठेच नव्हतं. वेळ संपली आहे, हवी असेल तर पालकांना विचारा, असं होतं. त्याने रीतसर विचारलंही होतं, तीनदा. विनंत्या माझ्या ज्या ईमेलवर येत होत्या तो मी महिन्यातून एकदा उघडतो.

म्हणून संगणकाने मुलाला अडवलं की दुरुस्तीला हात घालण्याआधी स्वतःचं ॲप उघडा. विनंती येऊन पडली आहे का, वार कोणता, सुट्टी आहे का, वेळ कुठल्या संगणकावर लावली होती. संगणकाचा टाइम झोनही बघा. विंडोजमध्ये साध्या खात्याला घड्याळाची वेळ बदलता येत नाही, पण टाइम झोन बदलता येतो, आणि ही फट मुलं शोधतातच. शोधली असेल तर ॲलन शेर आठवा आणि ओरडण्याआधी मुलाला किती वेळ कमी पडतो ते विचारा. एमआयटीने तरी त्या पोराला डॉक्टरेट दिली.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने तो पासवर्ड त्याच दिवशी बदलला, कारण तो सगळ्या घराला आणि मला कळला होता. आजोबांना तिने स्पेसबारची युक्ती शिकवली. पत्र लिहून झालं की ते आता कीबोर्ड आठवणीने इंग्रजीत करतात. विसरले तर ती ओरडते.

तुम्ही मात्र आज एक काम करून ठेवा. मुलाच्या खात्यात जाऊन त्याला कोणता मोबाइल नंबर आणि कोणता ईमेल जोडला आहे ते पाहा, आणि खातं उघडताना दिलेली जन्मतारीख, तो नंबर आणि तो ईमेल एका कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा. पासवर्ड लिहू नका, एवढं पुरे. नंबर बंद पडलेला दिसला तर आजच दुसरा जोडा. जुन्यापैकी एक तरी वाट चालू असेल तर हे दोन मिनिटांत होतं. सगळ्याच वाटा बंद झाल्या आणि मग नवा नंबर द्यायला गेलात, तर मायक्रोसॉफ्ट तीस दिवस थांबायला लावते.